सैन्यावरचा खर्च: कोल्हापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फेब्रुवारीत अर्थसंकल्प आला की संरक्षणाचा आकडा टीव्हीवर झळकतो आणि दुसऱ्या दिवशी एसटीत, तालमीत, कॉलेजच्या कट्ट्यावर वाद रंगतो. कुणी म्हणतं, सैन्याच्या पैशाला हात लावायचा नाही. कुणी म्हणतं, आधी शाळा-दवाखान्यांकडं बघा. शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीपासून गडहिंग्लज, आजरा, चंदगडपर्यंत ज्यांच्या घरातलं कुणी ना कुणी फौजेत आहे, त्यांच्यासाठी हा वाद नुसता टीव्हीवरचा नाही. या चर्चांमध्ये पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथं एकत्र केले आहेत. माझं मत आधीच सांगतो: सैन्यावर खर्च व्हायलाच हवा, आणि त्या खर्चाचा हिशेबही कडक मागायला हवा. हिशेब ढिला राहिला की पहिला फटका सीमेवरच्या जवानालाच बसतो.

आकडे मुख्यतः २०२५-२६ च्या अर्थसंकल्पातले आहेत.

भारत सैन्यावर नेमका किती खर्च करतो?

२०२५-२६ साठी संरक्षण मंत्रालयाची तरतूद ६,८१,२१० कोटी रुपये. केंद्राच्या ५०.६५ लाख कोटींच्या अर्थसंकल्पात हा वाटा १३.४५ टक्के होतो. देशाच्या एकूण उत्पन्नाशी, म्हणजे जीडीपीशी ताडून बघितलं तर जवळपास १.९ टक्के.

एवढ्या शून्यांनी काही कळत नाही, म्हणून डोईमागे हिशेब करू. देशाची लोकसंख्या १४५ कोटी धरली तर माणशी वर्षाला साधारण ४,७०० रुपये, म्हणजे दिवसाला १३ रुपये. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या ३८,७६,००१ होती. तेवढ्या डोक्यांच्या वाट्याला वर्षाला १,८०० कोटींच्या वर रक्कम येते.

पण कर तर नोकरदार आणि व्यापारी भरतात. बाकीच्यांचा काय संबंध?

साबण, चप्पल, मोबाइलचा रिचार्ज, हॉटेलातल्या मिसळीच्या बिलाचा कागद, सगळ्यात जीएसटी आहे. इन्कम टॅक्स न भरणारा शेतमजूरसुद्धा रोज कर भरतो. त्यामुळं 'आमच्या पैशाचं काय झालं' हे विचारायचा हक्क त्यालाही तेवढाच आहे.

पेपरात 'रुपया असा जातो' या चित्रात संरक्षणाला ८ पैसेच दिसतात. मग १३ टक्के कुठून आले?

दोन्ही आकडे सरकारीच आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत. त्या चित्रातला रुपया मोठा धरलेला असतो, कारण त्यात राज्यांना करातून जाणारा २२ पैशांचा हिस्साही असतो. अर्थसंकल्पाच्या ५०.६५ लाख कोटींत तो धरत नाहीत. शिवाय चित्रातल्या ८ पैशांत सैनिकांची पेन्शन नसते. ती केंद्राच्या सगळ्या पेन्शनच्या ४ पैशांत मिसळलेली असते. वादात ज्याला खर्च कमी दाखवायचा आहे तो ८ पैसे सांगतो आणि ज्याला जास्त दाखवायचा आहे तो १३ टक्के सांगतो. ऐकणाऱ्यानं एवढंच विचारावं: पेन्शन धरून की सोडून?

त्याच चित्रात कर्जाच्या व्याजाला २० पैसे जातात. व्याजाची रक्कम १२.७६ लाख कोटी आहे, संरक्षणाच्या जवळपास दुप्पट. त्यावर कट्ट्यावर कुणी आवाज चढवत नाही. मला ते खटकतं.

हे सगळे पैसे बंदुका-विमानांवरच जातात का?

नाही. नवीन शस्त्रं, विमानं, जहाजं, बांधकामं यांसाठीचा भांडवली खर्च १,८०,००० कोटी आहे, म्हणजे चौथ्या हिश्श्याच्या थोडं वर. पगार, भत्ते, रेशन, डिझेल, दारूगोळा, दुरुस्ती या चालू खर्चाला ३,११,७३२ कोटी. पेन्शनला १,६०,७९५ कोटी. उरलेले २८,६८२ कोटी मंत्रालयाच्या नागरी बाजूला जातात. त्यात सीमेवरचे रस्ते बांधणारी बॉर्डर रोड्स आणि कोस्ट गार्डही आलं.

आपल्या सैन्याचा खर्च हा मुख्यतः माणसांवरचा खर्च आहे. हे ध्यानात घेतलं की पुढचे बरेच प्रश्न सोपे होतात.

पेन्शनवर एवढे पैसे कशाला? ती कमी करता येणार नाही का?

हा प्रश्न शहरात सहज विचारला जातो. गावात विचारायची कुणाची छाती होत नाही. दोन्हीकडं थोडं थांबून बोलायला हवं.

फौजेला तरुण माणूस लागतो. म्हणून शिपायाला सतरा-अठरा वर्षांच्या नोकरीनंतर, चाळिशीच्या आत-बाहेर घरी पाठवतात. त्याच वयाचा सरकारी कारकून अजून वीस वर्षं पगार घेणार असतो. पोरं शाळेत असतानाच पगार थांबतो, त्याची भरपाई म्हणजे ही पेन्शन. देशात असे सुमारे ३४ लाख संरक्षण पेन्शनधारक आहेत. १ जुलै २०१४ पासून 'वन रँक वन पेन्शन' लागू झाली आणि जुन्या निवृत्तांची पेन्शन नव्यांच्या बरोबरीला आणायचं तत्त्व सरकारनं मान्य केलं.

महिन्याच्या सुरुवातीला आपल्याकडच्या कुठल्याही गावातल्या बँकेत जाऊन बघा. डोक्याला फेटा, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं पासबुक, शेजारी वीरपत्नी किंवा सैनिकाची विधवा आई. काउंटरवर पैसे मोजून होतात आणि त्यातले निम्मे त्याच बाजारपेठेत खताच्या दुकानात, पोरीच्या फीत, ट्रॅक्टरच्या हप्त्यात जातात. ऊस-बिलाची तारीख हुकली तरी ही तारीख सहसा हुकत नाही. कित्येक घरं त्यावर तरली आहेत. याला उधळपट्टी म्हणणं मला पटत नाही.

पण आकडाही बघावा लागेल. पेन्शन १.६१ लाख कोटी आणि नवीन शस्त्रं-सामुग्री १.८० लाख कोटी, दोन्ही जवळजवळ बरोबरीला आलेत. आठवा वेतन आयोग लागू झाला की पगार आणि पेन्शन दोन्ही वाढतील. हा ताण खरा आहे आणि तो नाकारून चालणार नाही.

मग अग्निवीर योजना त्यासाठीच आणली का?

सरकारनं १४ जून २०२२ ला योजना जाहीर करताना सैन्य तरुण करायचं हे कारण पुढं केलं. पण परिणाम सरळ आहे: चार वर्षांनी जो बाहेर पडेल त्याला पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही.

पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये. त्यातले ३० टक्के सेवानिधीत कापले जाऊन हातात २१,००० येतात. चौथ्या वर्षी ४०,००० होतात, हातात २८,०००. सरकार सेवानिधीत तेवढीच भर घालतं आणि शेवटी साधारण ११.७१ लाख रुपये करमुक्त मिळतात. सेवेत असताना ४८ लाखांचा विमा असतो. जास्तीत जास्त २५ टक्के मुलांना पुढं कायम करतात.

पहाटे विद्यापीठाच्या रस्त्याला किंवा गावाकडच्या माळावर पळणारी पोरं बघा. अंगात घामानं भिजलेला बनियन, एकाच्या हातात स्टॉपवॉच, १६०० मीटरची फेरी संपली की कमरेवर हात ठेवून धापा टाकत वेळ विचारतात. त्यांचे वडील किंवा चुलते ज्या अटींवर फौजेत गेले, त्या अटी या पोरांना मिळणार नाहीत. देशाचा पेन्शनचा भार हलका होईल तो यांच्या पंचविशीनंतरच्या आयुष्यातून. पहिल्या तुकडीची चार वर्षं २०२६ च्या अखेरीपासून पूर्ण होऊ लागतात. निमलष्करी दलांत आणि पोलिसात त्यांना राखीव जागांची आश्वासनं दिलेली आहेत. ती किती पाळली जातात, हे आपल्या तालुक्यात डोळ्यांनी दिसेल. माझ्या मते बचतच करायची होती तर ती संसदेत उघडपणे मांडून, चर्चा करून करायला हवी होती. ज्यांच्या खिशातून ती बचत होते त्यांना ते आधी सांगणं हे किमान कर्तव्य होतं.

एका राफेलच्या पैशात किती शाळा झाल्या असत्या?

२०१६ मध्ये ३६ राफेल विमानांचा करार सुमारे ५९,००० कोटींचा झाला. भागाकार केला तर विमानामागे १,६०० कोटींच्या वर जातात. मात्र त्या रकमेत क्षेपणास्त्रं, सुटे भाग, देखभाल, प्रशिक्षण हे सगळं धरलेलं आहे.

या तुलनेत दोन अडचणी आहेत. एक, शाळा आणि दवाखान्यांचा मोठा खर्च राज्य सरकार, जिल्हा परिषद, महापालिका करतात. त्यामुळं फक्त केंद्राचे आकडे शेजारी मांडले तर चित्र अर्धवट राहतं. दोन, विमान रद्द झालं म्हणून तो पैसा आपोआप जिल्हा परिषदेच्या शाळेच्या छपरावर येत नाही. तो कर्जफेडीत जाईल किंवा आणखी कुठल्या सवलतीत.

तरीही प्रश्न निकालात निघत नाही. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाला २०२५-२६ मध्ये १,२८,६५० कोटी मिळाले. संरक्षणातली एकटी पेन्शन त्याहून मोठी आहे. आरोग्य मंत्रालयाला ९९,८५९ कोटी, रोजगार हमीला ८६,००० कोटी. कोठारी आयोगानं १९६६ मध्ये शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च करा असं सांगितलं होतं. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानं २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च जीडीपीच्या २.५ टक्क्यांवर न्यायचं ठरवलं. दोन्ही उद्दिष्टं अजून गाठलेली नाहीत. संरक्षणाला १.९ टक्के लागतात म्हणून ती राहिली, असं मी म्हणणार नाही. सरकारांनी त्यांना तेवढी निकड मानली नाही म्हणून ती राहिली.

कोल्हापूरकरांनी तर 'एक तर हे नाहीतर ते' या जाळ्यात अडकायलाच नको. पहिलं महायुद्ध चालू होतं, शाहू महाराज मराठा पलटणींच्या भरतीला मदत करत होते, आणि त्याच काळात, १९१७ साली, त्यांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. लढाई चालू आहे म्हणून शाळा थांबवा, असं त्यांनी म्हटलं नाही.

चीन आणि पाकिस्तान शेजारी असताना खर्चावर चर्चा परवडते का?

न करणं परवडत नाही. स्टॉकहोमच्या सिप्री संस्थेच्या अंदाजानं २०२४ मध्ये चीननं ३१४ अब्ज डॉलर खर्च केले, भारतानं ८६.१ अब्ज आणि पाकिस्ताननं १०.२ अब्ज. पाकिस्तानच्या आठपट खर्च आपण आत्ताच करतो. चीन मात्र आपल्या साडेतीनपटीच्या पुढं आहे. त्याच्याशी रुपयाला रुपया लावायला गेलो तर दुसरं काहीच करता येणार नाही. म्हणून कुठं खर्च करायचा हे निवडणं भाग आहे, आणि निवड आली की चर्चा आलीच.

१९६२ च्या चीन युद्धाची आठवण इथं निघते, आणि ती निघायलाच हवी. डोंगरात पुरेसे गरम कपडे, चांगल्या रायफली नसताना जवानांना पाठवलं गेलं. त्यानंतर संरक्षणखर्च झपाट्यानं वाढला. जून २०२० मध्ये गलवान खोऱ्यात चिनी सैन्याशी झटापट झाली आणि लडाखमध्ये कडाक्याच्या थंडीत मोठी फौज उभी ठेवावी लागली. तिथं तंबू, बूट, रॉकेल आणि रस्ता यांचं मोल विमानाइतकंच असतं. पण त्यांचे फोटो पेपरात येत नाहीत.

पैसे वाढवले की सैन्य मजबूत होतं, एवढं साधं आहे ना?

नाही. सरकारी खर्चाचे हिशेब तपासणाऱ्या कॅगनं २०१७ च्या अहवालात दाखवलं की दारूगोळ्याच्या १५२ प्रकारांपैकी ६१ प्रकारांचा साठा दहा दिवसांच्या लढाईलाही पुरणार नव्हता. पुढच्याच वर्षी, मार्च २०१८ मध्ये, निवृत्त मेजर जनरल भुवनचंद्र खंडुरी यांच्या अध्यक्षतेखालच्या संसदीय समितीसमोर लष्करानं सांगितलं की ६८ टक्के सामुग्री जुनाट गटातली आहे आणि अत्याधुनिक फक्त ८ टक्के. दारात नवा ट्रॅक्टर उभा आहे आणि डिझेलला पैसे नाहीत, अशी ती अवस्था होती. त्यानंतर दारूगोळ्याच्या तातडीच्या खरेदीचे अधिकार लष्कराला वाढवून दिले गेले.

हे अहवाल कुणा विरोधकानं लिहिले नव्हते. कॅग ही घटनात्मक संस्था आहे आणि त्या समितीचे अध्यक्ष सत्ताधारी पक्षाचेच खासदार होते.

मिळालेले पैसेसुद्धा खर्च होत नाहीत, हे खरं का?

बऱ्याच वेळा खरं. २०२४-२५ मध्ये भांडवली खर्चासाठी १.७२ लाख कोटी ठेवले होते. सुधारित अंदाजात ते १,५९,५०० कोटींवर आले. कारणं अनेक आहेत: खरेदीचे टप्पे फार, चाचण्या लांबतात, कंपनीकडून माल वेळेवर येत नाही. तेजस या देशी लढाऊ विमानाचं बघा. फेब्रुवारी २०२१ मध्ये ८३ तेजस मार्क-१ए विमानांची सुमारे ४८,००० कोटींची ऑर्डर दिली. पहिली विमानं २०२४ मध्ये यायची होती. अमेरिकेतून इंजिनं उशिरा आली आणि वेळापत्रक कोलमडलं. तरी सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी ९७ विमानांचा ६२,३७० कोटींचा करार झाला. देशी विमान हवंच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. म्हणूनच उशिराची जबाबदारी कुणावर ठरली, हे विचारायला हवं.

बोफोर्सचं उदाहरण जुनं असलं तरी आजही लागू पडतं. १९८६ मध्ये ४१० तोफांचा करार झाला, लाचेचे आरोप झाले, सरकार हादरलं. तीच तोफ १९९९ मध्ये कारगिलला उपयोगी पडली. पण त्या प्रकरणानंतर सही करायला अधिकारी आणि मंत्री दोघंही बिचकू लागले आणि नव्या परदेशी तोफांचा करार थेट २०१६ मध्ये, एम-७७७ च्या रूपानं झाला. तीस वर्षं. लाच खाल्ली की नाही, यावर देश वर्षानुवर्षं भांडला. तोफा नाहीत म्हणून कुणी भांडलं नाही.

पंधराव्या वित्त आयोगानं यावर २०२१ ते २०२६ साठी २.३८ लाख कोटींचा, वर्षअखेरीला न बुडणारा निधी सुचवला होता. मार्चमध्ये पैसे परत जायची धास्ती त्यानं गेली असती. तशी व्यवस्था उभी राहायला हवी होती.

आपल्या फाउंड्र्यांना यातून काम मिळतं का?

मिळू शकतं, काहींना मिळतंही. २०२५-२६ मध्ये शस्त्रखरेदीच्या १,४८,७२३ कोटींपैकी ७५ टक्के, म्हणजे १,११,५४५ कोटी देशातल्या उत्पादकांसाठी राखून ठेवले. २०२४-२५ मध्ये देशातलं संरक्षण उत्पादन १.५१ लाख कोटींवर आणि निर्यात २३,६२२ कोटींवर गेली.

पण शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागल-हातकणंगले एमआयडीसीतला कारखानदार या साखळीत तिसऱ्या-चौथ्या पायरीवर असतो. ट्रकचा, ट्रॅक्टरचा भाग महिन्याला हजारोंनी निघतो. संरक्षणाची ऑर्डर पन्नास-शंभर नगांची. कास्टिंग साच्यातून निघालं, वाळू झाडली, फेटलिंग म्हणजे कडा घासून साफ करणं झालं, वरून गुळगुळीत दिसतंय, आणि रेडिओग्राफीत, म्हणजे एक्स-रे तपासणीत, आत बारीक ब्लोहोल, म्हणजे हवेची पोकळी सापडली की सगळा लॉट रिजेक्ट. तपासणीचा खर्च वेगळा, बिल निघायला वेळ वेगळा. ज्याच्याकडं भांडवल आणि धीर आहे त्यानं जरूर उतरावं. जिल्ह्याची बेकारी यातून हटेल, असं मात्र मी कुणाला सांगणार नाही. शाळा-दवाखान्यांच्या खर्चातला मोठा भाग थेट पगारात जातो. तोफेच्या खर्चात पोलाद, यंत्रं आणि आयात भागांचा वाटा मोठा असतो. त्यामुळं तेवढ्याच पैशात माणसं कमी लागतात.

२०१९ च्या महापुरात सैन्य आलं, तो खर्चही यातलाच का?

त्या होड्या, ती माणसं, ती हेलिकॉप्टरं याच पैशातून उभी असतात. शिरोळ तालुक्यात घरांच्या माळ्यावरून लोकांना उतरवून घेणारे जवान आपण पाहिलेत. तयारी ठेवली म्हणून ते येऊ शकले.

या खर्चाचा हिशेब कोण तपासतं?

संरक्षणाच्या मागण्या, म्हणजे खर्चाचे प्रस्ताव, लोकसभेत मंजूर होतात, त्याआधी संरक्षणविषयक स्थायी समिती त्या तपासते. खर्च झाल्यावर कॅग आणि लोकलेखा समिती. कागदावर व्यवस्था चांगली आहे. प्रत्यक्षात अनेक वर्षी संरक्षणाच्या मागण्या सभागृहात चर्चेविनाच, इतर मागण्यांच्या गठ्ठ्यात एकदम मंजूर होतात. त्याला 'गिलोटिन' म्हणतात. सहा-सात लाख कोटींवर लोकसभेत एक तासही बोलणं होत नसेल, तर मला वाटतं हा सगळ्यात गंभीर मुद्दा आहे.

माहिती अधिकारात कलम ८(१)(क) खाली देशाच्या सुरक्षेला बाधक माहिती नाकारता येते. ते योग्यच आहे. क्षेपणास्त्राचा पल्ला कुणी मागत नाही. पण बुटांची खरेदी, क्वार्टर्सचं बांधकाम, एखादा प्रकल्प किती वर्षं लांबला, यात शत्रूला कळण्यासारखं काही नसतं.

असे प्रश्न विचारले की लोक देशद्रोही म्हणतात. काय करावं?

शांतपणे कॅगचा अहवाल दाखवावा. ज्यांची मुलं फौजेत आहेत ते आईबाप हे प्रश्न सगळ्यात नेमके विचारतात, असं मी पाहिलंय.

जीडीपीच्या किती टक्के खर्च असावा?

३ टक्के हवेत, ही मागणी जुनी आहे आणि संसदीय समितीनंही ती केली आहे. अमेरिका-युरोपच्या नाटो या लष्करी आघाडीतल्या देशांनी जून २०२५ मध्ये २०३५ पर्यंत ५ टक्क्यांचं लक्ष्य ठरवलं. २०२४ मध्ये जगाचा लष्करी खर्च २,७१८ अब्ज डॉलरवर गेला. पण टक्क्यांनी सीमा राखता येत नाही. आहे तो भांडवली पैसा वेळेत खर्च करून दाखवा, मग वाढ मागा, असं माझं म्हणणं आहे. वाढवायचे झाले तर ते शिक्षण-आरोग्यातून काढणार, कर्ज काढून आणणार की कर वाढवणार, हेही त्याच भाषणात सांगा.

खासदारांना नेमकं काय विचारायचं?

जिल्ह्यात कोल्हापूर आणि हातकणंगले असे दोन लोकसभा मतदारसंघ आहेत. अर्थसंकल्पी अधिवेशनात फेब्रुवारी-मार्चच्या मध्ये सुट्टी असते, तेव्हा खासदार गावाकडं भेटतात. त्यांना विचारा: यंदा संरक्षणाच्या मागण्यांवर चर्चा व्हावी म्हणून तुम्ही काय केलं? आपल्या जिल्ह्यातून किती अग्निवीर गेले, किती कायम झाले, बाकीच्यांना कुठं नोकरी लागली, हा प्रश्न लेखी विचाराल का? लेखी उत्तर सभागृहाच्या कामकाजात नोंदलं जातं आणि कुणालाही वाचता येतं.

आमच्या घरी पेन्शन आहे, पण कधी कधी अडकते. कुठं जायचं?

संरक्षण पेन्शन आता 'स्पर्श' या ऑनलाइन व्यवस्थेतून येते. दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, तो राहिला की पेन्शन थांबते. बोटांचे ठसे उमटत नसलेल्या म्हाताऱ्या माणसांना याचा फार त्रास होतो. चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय मोबाइल ॲपमध्ये आहे, घरातल्या नातवानं ती करून द्यावी. तरी अडलं तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), आधार आणि बँक पासबुकाच्या झेरॉक्स घेऊन जा. वीरपत्नी आणि विधवांनी लग्नाची नोंद सैनिकाच्या सेवा-कागदपत्रांत झालेली आहे का, आणि नावाचं स्पेलिंग आधारशी जुळतं का, हे अडचण यायच्या आधीच तपासून ठेवावं.